पाचूबंदरचा काळा रोल

सन १९९६. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. नजर चांगली होती, हात थरथरत नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे म्हाताऱ्याची चूक झाली असेल बिचाऱ्याची, असं कोणी म्हणायला नको. बिचारा मी कधीच नव्हतो. आणि पुढे जे लिहितोय ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती अंथरुणाला खिळली होती, रोज माझ्या तोंडाकडे बघायची, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही माझे कोणी लागता म्हणून नव्हे. आता आत ठेवायचा कंटाळा आला. वाचायचं तर नीट वाचा, नाहीतर ठेवून द्या.

माझा स्टुडिओ वसईगावात, बाजाराच्या तोंडाशी. शाळा चौथीपर्यंत, तीही मार खात. पण फोटोचं काम मी कोणाच्या मेहेरबानीने शिकलो नाही. गिरगावातल्या एका स्टुडिओत झाडू मारायला होतो. मालक काही सांगायचा नाही, डार्करूममध्ये घुसलो की कान पिळायचा. मग मी काय करायचो? त्याने फाडून टाकलेले फोटो केराच्या डब्यातून घरी न्यायचो, जुळवायचो आणि बघत बसायचो — हा का फाडला? ह्यात काय बिघडलं? असं मी उजेड शिकलो. तुमच्या पोरांना आता मोबाइलमध्ये कॅमेरा मिळतो आणि दुपारपर्यंत ती फोटोग्राफर होतात. होऊ देत.

माझी एक पद्धत होती. डावीकडे खिडकी, मागे काळा पडदा, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. हसायचं नाही. हसलं की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, माणूस माणसासारखा दिसत नाही. लोक लांबून ओळखायचे — हा नानाचा फोटो. किती जणांच्या कामाला असं लांबून नाव मिळतं? सांगा ना.

माझ्या स्टुडिओच्या पायरीवर मोनिका मावशी मासळी घेऊन बसायची. पाचूबंदरची कोळीण, नवरा लवकर गेलेला, लेक लग्न झालेली, मुलगा जॉन परदेशी बोटीवर नोकरीला. तिला पायरीवरून उठवायला मी वर्षानुवर्षं झगडलो. ती उठली नाही. वर मला ऐकवायची, "नाना, तुझ्या फोटूत जित्ती मानसं मेल्यावानी दिसतान. मंग मेलेली कशी रं दिसनार?" अख्खा बाजार हसायचा. मी म्हणायचो, "तू मर आधी, मग काढून दाखवतो." ती आणखी हसायची. सोन्याची दाढ दिसेपर्यंत.

आता फिलू. तिच्यापाशी यायला मी इतका वेळ लावतोय — कळलं असेल तुम्हाला.

फिलोमिना, गिरीजच्या वाडीवाल्याची मुलगी. बापाची केळीची आणि फुलांची बाग. वय सव्वीस, लग्नाला नाही म्हणालेली. भावाने मस्कतहून कॅमेरा आणून दिला होता. एक दिवस स्टुडिओत आली आणि सरळ म्हणाली, "नाना, मला शिकवा. नाही शिकवलंत तर मी बघून शिकेन. तुमची मर्जी." मला हे आवडलं. खोटं कशाला बोलू? मी ठेवून घेतली. औषधं कालवणं, फोटो वाळवणं, लग्नात फ्लॅश धरणं — दोन वर्षांत ती सगळं शिकली. पण माझी पद्धत उचलली नाही. तिची माणसं कॅमेऱ्याकडे बघायचीच नाहीत. बोलताना, भांडताना, तोंडात घास असताना काढलेली. मी म्हणायचो, हा फोटो नव्हे, हा अपघात. ती म्हणायची, "असू दे की नाना, अपघातात माणूस खरा ओरडतो."

तिने मावशीचा एक फोटो काढला. हातात सुरमई शेपटीला धरलेली, तोंड उघडं, केस सुटलेले, दाढ चमकतेय. कोणाला तरी शिवी देता देता हसतेय. फिलूने तो माझ्याच डार्करूममध्ये छापला, निगेटिव्ह माझ्याच खणात ठेवली. मावशीने फोटो हातात घेतला, मासळीचे हात लुगड्याला पुसायचंही विसरली. एवढंच म्हणाली, "ही मी."

माझ्या कुठल्या फोटोकडे बघून कोणी असं म्हणालं होतं?

त्याच दिवशी मावशीने पायरीवर बसूनच जाहीर केलं — नाताळानंतर तिच्या लेकीच्या मुलीचं लग्न, त्याचे फोटो फिलू काढणार. "नाना, तू जेवाया ये." फिलूची ती स्वतःची पहिली ऑर्डर. पाचूबंदरात एक लग्न चांगलं झालं की सगळी वाडी त्या फोटोवाल्याची होते, हे मला माहीत होतं. मीही तसाच त्या वाडीत शिरलो होतो. फिलू दिवसभर गुणगुणत होती. मी तिला तीन वेळा गप्प केलं.

लग्नाच्या आधीच, मे महिन्यात, मोनिका मावशी अचानक गेली. जॉन बोटीवर, कुठल्या तरी दूरच्या समुद्रात, यायला जमणार नव्हतं. इकडच्या ख्रिस्ती घरांतली रीत अशी की मयताची पेटी बंद करण्याआधी घरचे सगळे तिच्याभोवती उभे राहतात आणि फोटो काढतात. जो परदेशी आहे त्याला तो पाठवायचा. तेच त्याचं शेवटचं दर्शन. मावशीचा भाऊ पेद्रूमामा स्वतः आला. म्हणाला, "नाना, ती तुला बोलायची तं बोलायची. पन फोटू तूच काढ. भाच्याला आयशीचं तोंड दिसाया पायजे."

फिलूने विचारलं, मी माझाही कॅमेरा घेऊ का? मी म्हणालो, एका मयताला दोन फोटोवाले — तमाशा करायचाय? तिने कॅमेरा ठेवला. माझी पिशवी घेतली.

अंगणात मांडव, मांडवात पेटी, बायका रडताहेत, ऊन मी म्हणतंय. मी काढायला लागलो. तुम्हाला जुने कॅमेरे माहीत नसतील म्हणून सांगतो. एक फोटो झाला की खटका ओढून रोल पुढे सरकवायचा. रोल सरकला की कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाची चकरी आपोआप फिरते. चकरी फिरली नाही म्हणजे आतला रोल दात्यांना नीट अडकलेला नाही. तुम्ही खटाखट दाबत राहता, आत काही उमटत नाही. सकाळी घाईत रोल मीच भरला होता. मीच भरायचो, दुसऱ्याला हात लावू देत नव्हतो.

फिलू फ्लॅश धरून शेजारी. पाच-सहा फोटो झाले असतील. ती हळूच म्हणाली, "नाना, चकरी फिरत नाही."

हळूच म्हणाली होती. माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नव्हतं. आणि मी काय केलं? सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो — "तू शिकवणार मला? फ्लॅश सरळ धर!" रडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. फिलूचे कान लाल झाले. तिने फ्लॅश सरळ धरला.

मग मी पाहिलं. चकरी फिरत नव्हती.

मला तेव्हाच कळलं होतं. डार्करूममध्ये नाही, घरी गेल्यावर नाही — तिथेच, मांडवात, मावशीचं तोंड समोर उघडं असताना. दुसरा रोल फिलूच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, दे. एक शब्द. बदलायला कितीसा वेळ लागला असता? पण आत्ताच सगळ्यांदेखत जिच्यावर ओरडलो, तिच्याकडेच हात पसरायचा?

मी काढत राहिलो. लेकीला म्हणालो, जरा पुढे ये. पेद्रूमामाला म्हणालो, टोपी काढा. पोरांना उंचीप्रमाणे उभं केलं. रोल छत्तीस फोटोंचा, कॅमेऱ्यावरचा आकडा त्याच्या पुढे गेला तरी माझं बोट थांबेना. रिकाम्या कॅमेऱ्याने मी त्या घराला रडताना नीट उभं केलं, मान सरळ करायला लावली, आणि म्हणालो — झालं. उन्हाळ्याचे दिवस, त्यांनी पेटी घरीच बंद केली. खिळे ठोकल्याचा आवाज येईपर्यंत मला वेळ होता. मग देवळाची घंटा वाजली आणि माणसांनी पेटी खांद्यावर घेतली. चर्चला इकडे देऊळच म्हणतात. मी पाठीमागून चालत गेलो. 

इथवर भित्रेपणा. इथे थांबलो असतो तर भित्रा एवढंच म्हणून घेतलं असतं. पुढचं वेगळं आहे.

स्टुडिओत येऊन कडी लावली. कोरा रोल कोराच राहतो, धुतला तर काचेसारखा निघतो. ज्याला थोडं कळतं तो लगेच ओळखेल की चूक रोल भरणाऱ्याची. उजेड लागलेला रोल मात्र काळा निघतो, डांबरासारखा. मी रोल डबीतून पूर्ण बाहेर खेचला आणि खिडकीत धरला. त्याच डाव्या खिडकीत. उलटापालटा करून सगळा उजेडात न्हाऊ घातला. मग अगदी नेमाने धुतला, औषधाची वेळ पाळली, वाळवला. काम उत्तम झालं. एवढा एकसारखा काळा रोल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

संध्याकाळी तो घेऊन पाचूबंदरला गेलो. पेद्रूमामाच्या हातात दिला. म्हणालो, पोरीने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, उजेड आत गेला. सांगितलं होतं हात लावू नकोस. खुमखुमी असते ना एकेकाला. मामाने रोल दिव्यासमोर धरला, खालपासून वरपर्यंत पाहिला. मावशी कुठे सापडते का ते बघत होता. मग म्हणाला, "आता जॉनला काय सांगू?" मावशीची लेक आतून फिलूला शिव्या द्यायला लागली. मी तिला थांबवलं नाही. चहा आला, तो प्यालो.

चार दिवसांनी फिलू तो हसरा फोटो मोठा करून त्यांच्या दारात गेली, जॉनला पाठवा म्हणाली. त्यांनी घेतला नाही. त्या हातचं काही नको म्हणाले. तिथून ती माझ्याकडे आली, काळा रोल तिने त्यांच्याकडून मागून घेतला होता. माझ्या टेबलावर ठेवला. "नाना, चकरी फिरत नव्हती. मग हा कोरा हवा होता ना?" मी फडक्याने भिंग पुसत राहिलो. ती आणखी एकच बोलली — "धुतलाय मात्र छान." लग्नाची ऑर्डर नालासोपाऱ्याच्या कोणा व्हिडिओवाल्याला गेली. फिलूला पाचूबंदरात नाही, गिरीजमध्येही नाही, कुठेच कोणी बोलावलं नाही. बापाच्या बागेत फुलं बांधते असं ऐकतो. समोरून आली तर ती रस्ता बदलत नाही, मी बदलतो.

वर्षाने जॉन आला. आई बसायची त्या पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "नाना, आयचा एखादा तरी असंल?" निगेटिव्ह माझ्या खणात होती, त्याच्यापासून दोन हातांवर. मी म्हणालो, नाही. का? तर तो फोटो चांगला होता म्हणून. माझ्या अख्ख्या कामात तसा एकही नव्हता, आणि तो देताना कोणी काढला हे सांगावं लागलं असतं.

एक राहिलं. रोल पाचूबंदरला देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उमेळ्याला एक बारसं होतं. फिलू आली नव्हती. सकाळी मी एकटाच टेबलाशी बसलो, नवा रोल भरला, झाकण लावलं. निघण्याआधी कॅमेरा डोळ्यांजवळ आणून खटका ओढला आणि डाव्या टोकाकडे पाहिलं, चकरी फिरते का ते.

फिरत होती. मी पिशवी उचलली आणि बारशाला गेलो.