कौशल्याआज्जीची उजवीकडची राणी

कौशल्याआज्जी गेली त्या वर्षी, म्हणजे शहाण्णवच्या दसऱ्याला, बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना हायसं वाटलं असेल. नवरात्रात पायऱ्यांवर बसवतात त्या बाहुल्यांची मांडणी कुठे फसली हे घरोघरी जाऊन सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. नात सौम्याला मात्र घर खायला उठलं होतं.

म्हातारी प्रेमळ होती, यात वादच नाही. फक्त तिचं प्रेम खोट काढूनच बाहेर पडायचं. सौम्याच्या डोक्यावर ती मायेनं तेल थापायची आणि वर म्हणायची, "बापावर गेलेत केस, नुसता काथ्या." घराण्याचा अभिमान तर विचारूच नका. आपले पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन इथे आले, हे ती दूधवाल्याला अस्खलित कन्नडमध्ये ऐकवायची. दुधात पाणी किती, हा मुद्दा त्यात राहूनच जायचा.

पण तिचा खरा जीव राजाराणीच्या बाहुल्यांत. लग्नात माहेरून मिळालेली तांबड्या लाकडाची ती जोडी नवरात्रात सगळ्यांत वरच्या पायरीवर विराजमान व्हायची. एक वर्ष जरी पेटीत राहिली तर घराचं वाटोळं होतं, असं सासूनं बजावलं होतं. राणी राजाच्या डावीकडे बसते, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक. आज्जीची उजवीकडे बसायची. नवी नवरी असताना तिनं समोर उभं राहून स्वतःच्या डाव्या हाताला राणी मांडली, आणि मग चूक कबूल करायची ती कुणापुढे? "आमच्यात अशीच असते," म्हणाली, विषय संपला.

ही चूक तोंडावर दाखवायची हिंमत केली ती एकट्या शेजारच्या मथुराक्कानं. आजोबा वारले त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून आज्जीनं जोडी तिच्याकडे मांडायला दिली होती. मथुराक्कानं मांडली, आणि कुणी मागितली नसताना राणी डावीकडे बसवून सुधारणाही केली. आज्जीनं ते पाहिलं, दसरा होताच जोडी उचलून आणली आणि त्यानंतर जन्मभर तिच्याशी बोलली नाही. दोघी एकमेकींविषयी मात्र बोलायच्या, तेही भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शेवटच्या दुखण्यात आज्जीनं सौम्याचा हात धरला होता. "माझी जोडी पेटीत ठेवू नका गं." सौम्यानं शब्द दिला. आता तिचे बाबा, जयसिंगराव, ऐकायला तयार नव्हते.

"वर्ष फिटल्याबिगर घरात सण नाही. यंदा बाहुल्या नाहीत, सरी? कळलं ना?"

म्हणजे पुन्हा मथुराक्काचंच दार. घटस्थापनेच्या सकाळी सौम्या जोडी ओढणीत गुंडाळून तिच्याकडे गेली.

"जन्मभर बोलली नाही," मथुराक्का म्हणाली, "आणि अडल्यावर मीच हाय होय?" तोंडानं एवढं बोलत तिनं जोडी दोन्ही हातांनी घेतली आणि पदरानं पुसली.

सौम्या पायऱ्यांजवळच उभी राहिली. मथुराक्कानं आता राणी डावीकडे बसवली, तर तिला अडवणार कोण? दिलेला शब्द पाळताना आपणच आज्जीला हरवलं, असं व्हायचं.

मथुराक्कानं आधी आपली जोडी मांडली, राणी डावीकडे. मग आज्जीचा राजा शेजारी ठेवला. राणी हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. "स्वल्प बाजूला हो, उजेड अडतोय," असं सौम्याला म्हणाली आणि राणी राजाच्या उजवीकडे बसवली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला पुण्याहून नव्यानं आलेल्या उल्काताई आल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अय्या काकू, ही राणी राँग साइडला बसलीय!" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"चुकलीच हाय ती," मथुराक्का म्हणाली. "कौशल्या जन्मभर चुकीचीच मांडत आली. हात लावू नको तिला." एवढं बोलून ती उसळीचं पातेलं आणायला आत गेली.

सौम्याला रडू आवरेना. रडता रडता तिला हसूही आलं. आज्जी असती, तर यातलं 'चुकलीच' तेवढं ऐकून तिनं आणखी एका जन्माचा अबोला धरला असता.