लाईट नसताना पळालेली जेल

भुतांच्या गोष्टी मी सांगतो, मानत नाही. आमच्या सावद्यात मी फेकण्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्या केळीचा घड उतरवायला क्रेन मागवली होती ही बातमी मीच पसरवली, आणि ती रावेरपर्यंत गेली. तेव्हा तुम्ही हसणार हे धरूनच लिहितोय. यातला फक्त उकाडा मी वाढवून सांगेन... बाकी जसंच्या तसं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची शेवटची प्रॅक्टिकल. निघताना आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं, "पास झाला त मास्तर. नाही त केळीच्या ट्रकवर बस, जाय दिल्लीले." आणि आबा माझ्यासारखे फेकत नाहीत.

मला आलं होतं डीएनए जेलवर पळवणं. अगरोजची जेल म्हणजे दिसायला चायना ग्रासची वडी. तिच्या एका टोकाच्या खाचांत डीएनए भरायचा, सोबत निळा रंग, म्हणजे तो कुठवर पोचला ते दिसतं. पेटीत खारं पाणी, दोन्ही टोकांना तारा. करंट दिला की डीएनए लाल वायरकडे सरकतो. करंट नाही, तर जागचा हलत नाही. एवढं कळलं की पुढचं कळेल.

आमची पेटी घरगुती. आमच्या सरांनी अ‍ॅक्रिलिकच्या एकाच शीटमधून दोन पेट्या स्वतः कापून चिकटवल्या होत्या, म्हणून आम्ही त्यांना मिस्त्री सर म्हणायचो. बदली होऊन धुळ्याच्या कॉलेजात गेले तेव्हा एक पेटी ते सोबत घेऊन गेले. दुसरी माझ्यासमोर.

बटण दाबलं, निळी रेघ खाचेतून जेमतेम बाहेर आली — आणि लाईट गेली.

जळगावचा मे महिना. पंखा थांबला तशी भिंतीवरची पाल घाम पुसायला लागली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "चारपर्यंत ज्याचं झालं नाही, त्याचं झालं नाही." मला दिल्लीचा ट्रक दिसायला लागला.

शेजारच्या टेबलावर अमळनेरचा दिलीप. त्याची रेघ जागच्या जागी. तो माझ्या पेटीकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "भाऊ, तुनी पळी ऱ्हायनी."

"गप बस. थट्टेची वेळ आहे का ही?"

"तूच देख ना."

पाहिलं. रेघ सरकत होती. सरळ, लाल वायरकडे. तारेवरून बारीक बुडबुडे उठत होते, करंट चालू असताना उठतात तसे. आनंद व्हायला हवा होता... पण मी स्टूल मागे सरकवलं.

परीक्षक आले, वाकले. "बॅटरी लावली का रे?"

"नाही सर."

त्यांनी पेटीच्या दोन्ही वायरी स्वतः उपटल्या आणि हातात धरून उभे राहिले. रेघ सरकतच होती. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "जाऊ दे शेवटपर्यंत," म्हणाले, आणि खुर्ची लांब ओढून बसले.

चारच्या जरा आधी लाईट आली. यूव्ही दिव्याखाली डीएनएचे पट्टे बघितले — सुरीनं कापल्यासारखे स्वच्छ. मी पास.

पेढे घेऊन एसटीनं धुळ्याला गेलो. सरांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच माझ्या गोष्टीवर कुणी हसलं नाही.

"त्याच दुपारी इथंही परीक्षा होती," सर म्हणाले. "लाईट होती. पंखे फिरत होते. मीटर करंट दाखवत होता. नलिनी म्हणून माझी विद्यार्थिनी आहे, तिची जेल हलली नाही. वायरी बदलल्या, पाणी बदललं. एक बुडबुडा उठला नाही."

"कुठल्या पेटीत?"

सरांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट केलं; आमच्या पेटीचीच जोडी.

"मग आता तिचं?"

"ऑक्टोबरला बसेल पुन्हा. घरचे थांबले तर. स्थळं बघताहेत."

पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

पुढं मी जळगावच्या त्याच कॉलेजात मास्तर झालो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारलं, फिजिक्सवाल्यांना विचारलं. कुणी म्हणालं, उरलेला चार्ज असेल. उपटलेल्या वायरींतून कुठला चार्ज, ते कुणी सांगेना. मलाही आजवर कळलेलं नाही.

ती पेटी अजून आमच्या लॅबमध्ये आहे. लाईट गेली की मी आधी जेल उचलून बाहेर काढतो. पोरं कुरकुरतात, "सर, येईल की लाईट आत्ता." मी म्हणतो, येऊ दे. तोवर धुळ्यात कुणाची तरी परीक्षा चालू असेल.

एवढा बोलघेवडा मी... पण नलिनी ऑक्टोबरला बसली का, हे सरांना विचारायला माझी जीभ कधी उचलली नाही.