गवतबाजारातली पाटी

सुक्या गवताचा वास आला की मला कल्याणचा गवतबाजार आठवतो. मी नुकताच बी. ए. झालो होतो, खडवलीकडच्या आमच्या गावातला पहिलाच, आणि बा ते वाटेत भेटेल त्याला सांगत होता. सौदा ठरला की विकणाऱ्याने चिलीम पेटवून आधी गिऱ्हाइकाला द्यायची, अशी तिथली रीत. चिलीम फिरल्याशिवाय सौदा पक्का नाही. त्या दिवशी आमच्या गाडीभर गवताचा सौदा ठरला, बाने चिलमीवर निखारा ठेवला आणि ती पुढे केली, तोच म्युनिसिपालटीचा शिपाई आडवा आला. "गंजीजवळ विस्तव? पाटी दिसत नाही का, म्हातारबा?" "दिसते, पन वाचता येत नाय," बा हसत म्हणाला. "माजा पोर बीए हाय. वाच रे, काय लिवलंय?" माणसं गोळा झाली. मी वाचलं. आगीच्या भयास्तव बाजारात चिलीम-विडी ओढण्यास मनाई, ओढल्यास जप्ती. "बा, शिपाई म्हणतो ते खरं आहे." बाचं हसू गेलं. माझ्याजवळ सरकून त्याने हळूच विचारलं, "खाली आनखी काय लिवलं असंल ना?" खाली काहीच नव्हतं. शिपायाने चिलीम नेली, गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे वळलं, आणि चिलमीला गुंडाळायचं ओलं फडकं तेवढं बाच्या हातात राहिलं. नियम बरोबरच होता, आजही मी तसंच म्हणेन. पण कुठलीही पाटी दिसली की मी अजून शेवटच्या ओळीच्या खाली बघतो.