लाल गालिच्यावरचे बूट

पहिली छाप चांगली पडली की निम्मं काम झालं, असं शिकवणीच्या सरांनी माझ्या नातीला सांगितलं होतं. छाप आम्ही पोळ्याला बैलाच्या पाठीवर मारतो, गेरूची. माणसानं माणसावर छाप मारायची असते हे मी सत्तरी ओलांडल्यावर ऐकलं, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

आमचं गाव सालेकसा तालुक्यात, धानाचं आणि जंगलाचं. मी शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलो. नात बी.ए. झाली, आणि होऊनही दुसऱ्याच्या बांधीत चिखलात वाकून धानाचा रोवणा करत होती. गोंदियाला नोकरीचा मेळावा भरणार, नागपूरच्या कंपन्या तिथल्या तिथं पोरं निवडणार, हे कळलं तेव्हा तिचं खाण्यापिण्यात लक्ष राहिलं नाही. यंदा लागली नाही तर पावसाळ्यात परत चिखलात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

सरांनी तिला काय नाही शिकवलं? हात कसा मिळवायचा, खुर्चीचा आवाज न करता कसं बसायचं, हसताना दात किती दाखवायचे. जन्माला घालून आम्ही तिला हसायलाही शिकवलं नव्हतं जणू. आणि घेणारा माणूस आधी चेहरा पाहतो, मग बूट, म्हणून बूट काळे पाहिजेत, चकचकीत, जरा टाचेचे. तिनं ते तेंदूपत्त्याच्या मजुरीतून घेतले. मग ते घालून आंगणात फिरायची, धानाच्या ढोलीसमोर उभी राहून त्या ढोलीलाच इंग्रजीत आपली ओळख सांगायची. सारवलेल्या आंगणाला टाचांची भोकं पडली. मी बोललो तर म्हणाली, परत सारवून देईन, पण मले चालू द्या. सारवलंही तिनंच, रोज.

मेळाव्याला मी सोबत गेलो. कॉलेजला ती एकटीच जायची, रस्त्याची भीती नव्हती. माझ्या नातीला तपासणारा कोण आहे, हे मला पाहायचं होतं.

मांडव मोठा होता. दारापासून लाल गालिचा, आणि टेबलं सुरू होतात तिथं हार घातलेला एक फोटो आणि पेटलेली समई. सकाळी कोणी मोठा साहेब लावून गेला असेल. फोटो कोणाचा ते मी पाहिलं नाही. दिवा तेवत होता, एवढं पाहिलं. कचारगडच्या डोंगरावर देवाला आम्ही जातो तेव्हा चपला खाली राहतात, मग वर दगड तापलेला असो की काटा असो. घरात देवापुढं दिवा लागला की रांगतं पोरही ओळखतं की इथं पाय जपून. दिवा आहे तिथं पायात काही नाही. यासाठी मला कुठली शिकवणी लावावी लागली नाही.

मी चप्पल काढली आणि तिलाही म्हणालो, काढ.

"इथं कोणी नाही काढत, आबाजी. पाहा ना जरा."

"लोकं काय करून राहिले ते पाहाले नाही आलो मी. दिवा दिसते का तुले?"

तिनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बूट काढले. मी ते काखेत धरून खांबाशी उभा राहिलो.

पहिलं टेबल हॉटेलच्या कंपनीचं होतं. आलेल्या पाहुण्यांशी बोलायला त्यांना मुली पाहिजे होत्या. नातीनं नमस्कार केला, हात मिळवला, ढोलीला सांगायची ते सगळं न अडखळता सांगितलं. टेबलामागच्या बाईनं तिचा चेहरा पाहिला, आणि सरांचं खरं निघालं, मग खाली पाहिलं. शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसलं. दोघं हसले.

"बेटा, जूते कहाँ हैं? खेत से सीधी आई हो क्या?"

नातीनं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तिची सुटका झाली असती. तिनं दाखवलं नाही. म्हणाली, "दिया जल रहा है मॅडम, इसलिए निकाले."

बाई म्हणाली की ती तर सजावट आहे. आणि फोन करू म्हणत नातीचा कागद उपडा करून बाजूला सारला.

सजावट! सकाळी त्याच दिव्यापुढं यांनी हात जोडले असतील, फोटो काढून घेतले असतील, आणि दुपार व्हायच्या आत ती सजावट झाली. पोरीनं मान ठेवला तर ती शेतातून आलेली गावंढळ. आणि शेतातून आली असती तरी काय? यांच्या हॉटेलात भात कुठून येतो? मी सरळ गेलो आणि दोन्ही बूट त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलावर ठेवले, पाण्याच्या बाटलीला लागून.

"हेच पाहाचं होतं ना तुमाले? पाहा. याइलेच ठेवा नोकरीवर."

कोणीतरी गार्डला हाक मारली. मी जागचा हललो नाही. नातीनं बूट उचलले, गालिच्यावर तिथंच खाली बसली, त्या दिव्याच्या पुढ्यात, आणि एकेक करून पायात घातले. डोळ्यांत पाणी होतं.

"आबाजी, बाहेर चहा प्या. मी बलावल्याबिगर अंदर नोका येऊ."

बाहेर मी चहा घेतला नाही. दोन पोरं माझ्याकडे पाहून कुजबुजत होती, त्यांनाही झापलं. ऊन उतरल्यावर ती आली. नागपूरच्या एका दवाखान्यानं तिला काउंटरवर घेतलं होतं. त्यांनी बुटांकडे पाहिलं का, मी विचारलं.

"नाही. पायात होते ना," ती म्हणाली, आणि गाडीत घरापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

आता ती नागपूरला असते. परवा फोनवर सांगत होती, दिवसभर उभं राहून टाचा सुजतात, म्हणून काउंटरच्या खाली बूट काढून ठेवते. फरशी गार लागते, आणि वरून कोणाला दिसत नाही.

"चोरावानी काऊन काढतेस? सगळ्याइच्या समोर काढ," मी म्हणालो.

ती हसली. "आबाजी, तुम्ही नागपूरले नोका येऊ," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जाणार आहे. चप्पल त्या दवाखान्याच्या दारातच काढीन. पाहतो कोण हसते ते.