शक आणि सबूत

लग्नाला चार महिने झाले असतील. जिंतूरजवळच्या आमच्या गावात मी अजून नवी सून होते, आणि सासूबाईंची सोन्याची अंगठी हरवली.

नवी सून आणि हरवलेलं सोनं एका घरात असलं की पुढचं कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. शेणात हात घालण्याआधी त्या अंगठी काढून हळदीच्या डब्यात ठेवायच्या. त्या दिवशी गोवऱ्या थापून, हात धुऊन त्यांनी डबा उघडला, तर आत नुसती हळद.

"म्या डब्यातच ठिवली व्हती," त्या म्हणाल्या.

डब्याला हात लावणाऱ्या आम्ही दोघीच. मला चोर कुणी म्हटलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या भावाचं लगीन कवा हाय म्हणलीस?"

मला असा संताप आला की पंधरा दिवस मी वरणात हळदच घातली नाही. कुणी तक्रार केली नाही, त्याचा आणखी संताप आला.

आमचे हे नळयोजनेच्या हापिसात होते. रस्त्याच्या डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायला तिथं एक यंत्र आलं होतं. लांब दांड्याला ताटाएवढी चकती, आणि शेजारी वायरीला लोंबणारी हातभर कांडी. चकती वाजली की इथं कुठंतरी धातू आहे एवढंच कळायचं. मग कांडी टोचत जायचं. ती नेमकी जागा दाखवायची. मी इतकी भुणभुण केली की एका रविवारी ह्यांनी यंत्र सायकलला बांधून घरी आणलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्यांनी कांडी हातात घेऊन सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी चकती शक घेती, आन् कांडी सबूत देती."

पहिला शक माझ्यावरच आला. ह्यांनी अंगणात चकती फिरवायला घेतली आणि माझ्यासमोर येताच यंत्रानं किंकाळी फोडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"त्यांच्यापाशी न्या की!" मी ओरडलेच.

त्यांच्यापाशी ते दुप्पट ओरडलं.

"जोडव्याला वाजायलंय," हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "दोघीबी जोडवी काढून ठिवा जरा."

"सवाष्णीनं जोडवी काढायची व्हय रं?" आत्याबाई कडाडल्या. मीही मान हलवली. चार महिन्यांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. शेवटी आम्हा दोघींना पाय वर घेऊन एकाच बाजेवर बसवलं गेलं. इतक्या जवळ आम्ही कधी बसलो नव्हतो. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या तरी त्या हलेनात, म्हणून मीही हलले नाही.

अंगणात बैलाच्या पायाची पत्री निघाली, डब्याचं झाकण निघालं, आणि एक खुरपं निघालं. तेच खुरपं शेजारणीनं नेलं म्हणून आत्याबाई तिच्याशी दोन वर्षं बोलत नव्हत्या. मामंजींनी ते उचलून त्यांना दाखवलं.

"मातीनं गिळलं असंल," त्या म्हणाल्या.

आता गोवऱ्यांचा ढीग तेवढा राहिला होता. चकती वाजली. हे एकेक गोवरी उचलून कांडीपुढं धरायला लागले. मुकी, मुकी, मुकी. साठेक गोवऱ्या झाल्या असतील, आणि एक गोवरी कुंईऽ करून रडायला लागली.

ह्यांनी ती फोडायला गुडघ्यावर घेतली, तोच आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "ही सूनबाईनं थापल्याली दिसती."

त्याचा अर्थ मला कळला. म्हणजे मीच अंगठी शेणात दडवली! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज नव्हे, निव्वळ राग.

"थांब," मामंजी म्हणाले. त्यांनी गोवरी घेतली आणि उन्हाकडं धरली. गोवरीवर थापणारीच्या पंजाचा ठसा राहतो. या ठशात चार बोटं पुरी होती आणि करंगळी अर्धीच. आत्याबाईंची करंगळी कडबा तोडताना विळ्यानं अर्धी गेली होती, हे गावाला ठाऊक होतं.

मामंजींनी गोवरी त्यांच्या मांडीवर ठेवली. "सबूत," ते म्हणाले, आणि पान लावायला ओसरीवर निघून गेले.

आत्याबाईंनी ती स्वतःच फोडली. अंगठी निघाली. त्यांनी ती पदराला पुसली. "यंत्र चांगलं हाय," एवढंच त्या बोलल्या. माझी माफी वगैरे काही नाही. मी त्या दिवशी वरणात दुप्पट हळद घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. आत्याबाई शेणाची पाटी घेऊन निघाल्या, दारात थबकल्या आणि परत आल्या. बोटातली अंगठी काढून माझ्यापुढं धरली.

"धर. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला मेलीला काय आठवत न्हाई."

मी ओले हात पुसले, अंगठी पदराच्या टोकात घेतली आणि घट्ट गाठ मारली.

ती गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली, मगच गोवऱ्या थापायला गेल्या.