रॉकेल चालतंय की, अप्पा

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तिथंही मी इंजिनं उघडायलाच शिकलो. तरी लिहितोय, माफ करा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — वडिलांनाही नाही.

वडील उदगीरला एका आडत्याच्या जुन्या जीपवर ड्रायव्हर होते. त्या आडत्याला सगळे अप्पा म्हणायचे. दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती जीप शेतातल्या बोअरचं पाणी अप्पांच्या घरी आणायची. एक दिवस वडिलांनी एक कॅन आमच्यासाठी बाजूला ठेवला. अप्पांनी तो भर मोंढ्यात, सगळ्या आडतबाजारासमोर, ओतायला लावला. "वत. माझ्या म्होरं वत." मी तिथंच होतो. तापल्या जमिनीत पाणी किती लवकर जिरतं, तुम्ही पाहिलंय कधी?

वडिलांनी काम सोडलं. त्यांच्या जागी गफ्फारचाचा लागले — त्या दिवशी गुपचूप आमच्या दारात पाण्याचा कॅन ठेवून गेलेले तेच.

पुढं मी नांदेडला डिप्लोमाला असताना अप्पांनी बोलावलं. नवा जिल्हा होणार, अशी हवा होती. "जिल्हा झाला की सायबलोकायला गाडी लागंल. तू शिकून राहिलास, सांग. नवी डिझेल गाडी ॲव्हरेज काय देती?"

जीपच्या दुप्पट, म्हणालो. ते खरंच होतं.

"अन् उलीसं रॉकेल घातलं तर? जीप तर गुमान पिती."

इथं थांबावंसं वाटतंय. मला माहीत नव्हतं, असं म्हणू का? नाही. त्याच सत्रात मी पेपरात लिहिलं होतं — नव्या इंजिनाच्या पंपाला डिझेल हेच वंगण. रॉकेलनं तो आतून खरवडतो, आणि तो कीस इंजेक्टरपर्यंत जातो. मग पंप, इंजेक्टर, नळ्या, सगळंच बदला. ॲव्हरेजनं वाचवलेलं सारं एका बिलात जातं.

"चालतंय की, अप्पा," मी म्हणालो. हसून म्हणालो.

अप्पांनी नवी गाडी घेतली, आणि मी वाट पाहत राहिलो. पावसाची पाहावी तशी. गाडी मुखेडच्या अलीकडं बंद पडल्याचं कळलं, तेव्हा मेसमध्ये मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आनंद झाला होता — तो का लपवू? वाटलं, ओता आता पैसा, अप्पा.

पुढचं वडिलांनी फोनवर सांगितलं. वर्कशॉपवाल्यांनी टाकीतलं रॉकेल ओळखलं, आणि अप्पांनी सगळ्यांसमोर गफ्फारचाचांकडं बोट केलं. आता उदगिरात त्यांच्या हाती कुणी गाडी देत नाही. बायकापोरं घेऊन ते हैदराबादेला गेले, कुठंतरी वॉचमन म्हणून.

"अप्पा मोंढ्यात सांगून राहिलेत," वडील म्हणाले, "तू बजावलं होतंस म्हणं, रॉकेल घालू नगा. गफ्फारनंच ऐकलं न्हाई. खरं का रं?"

त्यांच्या आवाजात अभिमान होता. "हाव, खरंय," मी म्हणालो.