फेरारातली वरची खोली

प्रवासी कंपनीच्या काउंटरवरचा मुलगा नम्र होता. त्याने मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग म्हणाला, "मॅडम, साठच्या वर सिंगल लेडी असेल तर मुलाचं पत्र लागतं. त्यांची हरकत नाही असं. फक्त फॉरमॅलिटी."

"मुलगा कंपनीच्या कामाने दोनदा जर्मनीला जाऊन आला. तेव्हा माझं पत्र घेतलं होतं का कोणी?"

"नाही, ते तसं नसतं ना मॅडम."

"मग हेही तसं नाही," मी म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले. चिडले होतेच, पण थोडी घाबरलेही होते. कारण तिथून निघताना मी ठरवून टाकलं होतं की आता कोणा टूर गाइडच्या मागे त्याचा झेंडा बघत फिरायचं नाही. एकटीनेच जायचं.

बुधवार पेठेत आमचं सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचं दुकान होतं. लग्न झाल्यावर वर्षभरात मी काउंटरवर बसायला लागले ती ह्यांच्या जाण्यापर्यंत बसले. ह्यांचं हृदय दुकानातच थांबलं, दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना. त्यानंतर दुकान भाड्याने दिलं आणि मी सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून राहिले. इटली हे आमचं दोघांचं स्वप्न वगैरे अजिबात नव्हतं. ह्यांचं तर स्वारगेटच्या पुढे गेलं की डोकं दुखायचं. मलाच एका दुपारी फोनवर एक व्हिडिओ दिसला. फेरारा नावाचं गाव, विटांच्या भिंती, दगडी रस्ता, आणि ऐंशीच्या घरातली एक बाई सायकलवरून भाजी घेऊन चाललेली. तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. कॉलेजला असताना मी पेठेतून सायकलने जायचे. पुढे पुण्यात सायकल चालवणं म्हणजे जिवावर उदार होणं झालं, आणि माझी सायकल कोणीतरी भंगारात दिली. कोणी ते आठवत नाही.

मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, तिकडेच राहतो. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर त्याने लॅपटॉप उघडला.

"आई, हे हॉटेल बघितलंस का तू? टू स्टार आहे. लिफ्ट नाहीये. रिसेप्शन पूर्ण दिवस नसतं."

"मला झोपायला पलंग लागतो. तारे घेऊन काय करू? जुन्या गावातच आहे, स्वच्छ आहे, परवडतं, आणि पाहुण्यांना सायकल फुकट देतात."

"सायकल?" तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

दोन दिवसांनी त्याने जवळच्या बोलोन्या शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात माझी खोली परस्पर आरक्षित केली. फेराराला रोज गाडीने जाऊन येता येईल म्हणे, आणि खाली चोवीस तास माणूस असतो. मी त्याला ती माझ्यासमोर रद्द करायला लावली. त्याने केली, पण जाताना दार जरा जोरातच लावलं.

मोठ्या वन्संनी फोन केला. "भाऊला जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत. लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर."

"वन्सं, लोकांनी काही म्हटलं असतं तर बरंच झालं असतं," मी म्हणाले. "या दोन वर्षांत संध्याकाळी सातनंतर माझा फोन वाजलेला नाही. आज तुमचा वाजला."

त्यांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं, पण बोलले ते खोटं नव्हतं.

फेराराच्या स्टेशनवरून मी बॅग ओढत चालत गेले. हॉटेल पिवळ्या रंगाचं, हिरव्या लाकडी झडपांचं, गावाच्या मधोमध असलेल्या लाल विटांच्या किल्ल्यापासून दोन गल्ल्या अलीकडे. मालकीण माझ्याच वयाची, पांढरे केस पुरुषी कापलेले, चष्मा साखळीला अडकवलेला. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, मला इटालियन मुळीच नाही. तिने किल्ली दिली आणि तळमजल्यावर स्वयंपाकघराला लागून असलेली एक खोली उघडून दाखवली. खिडकीबाहेर हातभर अंतरावर भिंत. मी फोनवर आरक्षण काढून दाखवलं: वरच्या मजल्यावरची, रस्त्याकडे तोंड असलेली खोली. तिने जिन्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. मग स्वतःच्या फोनमध्ये काही बोलली आणि फोन माझ्यासमोर धरला. त्यात भाषांतर आलं होतं: वयस्कर पाहुण्यांना खालची खोली सोयीची.

इतक्या लांब येऊनही तेच वाक्य. मी म्हणाले, "नो. अप." आणि बॅग उचलून जिना चढायला लागले.

एक टप्पा चढून थांबले. दुसरा चढून भिंतीला टेकले. ती मागून हाताची घडी घालून येत होती. मी पुन्हा बॅग उचलली तेव्हा तिने दुसऱ्या बाजूची मूठ धरली, आणि आम्ही दोघी वर पोचलो. खोलीत एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. तिने झडपा ढकलल्या. समोर कौलांची छपरं आणि त्यांच्यावर डोकं काढलेले किल्ल्याचे बुरूज. "बेने?" तिने विचारलं, म्हणजे ठीक आहे ना. मी मान डोलावली. दम लागल्यामुळे बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने मला शिंगांसारखा पिळलेला पाव दिला. गावाची खासियत आहे असं खुणेने सांगितलं. मी यात काय काय असतं ते फोनवर विचारलं, आणि उत्तरात डुकराची चरबी निघाली. पाव परत ठेवला. तिने खांदे उडवले, जणू हिला काही कळत नाही. पण त्यानंतर रोज माझ्या बशीत साधा पाव आणि जर्दाळूचा मुरंबा असायचा, आणि एका संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावून लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या, लोण्यात परतलेल्या पास्त्याच्या गरम पोटल्या खाऊ घातल्या. भोपळा गोड होता. मला घाऱ्यांची आठवण झाली, पण ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

सायकली मागच्या अंगणात होत्या, गंजलेल्या आणि भरभक्कम. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली. मालकिणीने सीट खाली केली आणि बाजूला उभी राहिली. पहिल्यांदा मी थेट कुंडीवर गेले. दुसऱ्यांदा अंगणाच्या टोकापर्यंत पोचले. पाय विसरले नव्हते, भीतीच नवीन होती. तासाभराने मी रस्त्यावर होते. गावाभोवती जुना तट आहे, त्यावर रुंद मातीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं. मी तिथे सायकल चालवली. बाजूने आजोबा गेले, आज्या गेल्या, कुत्र्याला टोपलीत बसवून एक बाई गेली. माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही. मी मोठ्याने हसले, आणि तेव्हाही कोणी बघितलं नाही.

मग रोज जायला लागले. मोठ्या चर्चच्या कुशीला चिकटून दुकानांची ओळ होती, कापड, बटणं, टोप्या. देवळाच्या भिंतीला टेकून धंदा करणारी माणसं बघून मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. दगडी कमानींची एक अरुंद गल्ली होती, जमिनीत नदीतले गोटे बसवलेले. मालकिणीने मला तिथे सायकलवर न बसता चालत जायला सांगितलं होतं. बहुधा तेच सांगितलं होतं. मी बसून गेले. पुढचं चाक गोट्यावरून सटकलं आणि मी उजव्या मनगटावर पडले.

लोक जमले, मला उठवलं, हॉटेलचं कार्ड बघून मालकिणीला फोन लावला. ती ॲप्रनवरच आली. दवाखान्यात फोटो काढला, हाडाला बारीक चीर होती. प्लास्टर घालत असतानाच माझा फोन वाजला.

"आई, तू हॉस्पिटलमध्ये काय करतेयस?" मुलगा होता. माझं लोकेशन त्याच्या फोनवर दिसत होतं, हे मी विसरूनच गेले होते.

मी सांगितलं. पलीकडे त्याच्या ऑफिसच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्याने परत फोन केला. "उद्या संध्याकाळची फ्लाइट मिळतेय. मी बुक करतोय. एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगून ठेवतो."

"व्हीलचेअर कशाला? हात मोडलाय. आणि मी उद्या येणार नाही. माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे."

"तुला काही झालं असतं तर, आई?"

"झालं ना. मनगट झालं. आता बरं होईल."

"बाबा असते तर तू गेली असतीस का?"

"नसते गेले," मी म्हणाले. "ते असते तर मी दुकानात असते आणि आमचं दोघांचं भांडण चाललं असतं. ते नाहीत. पण मी आहे. ते गेले म्हणून मीही गेल्यासारखी घरात बसू का?"

तो म्हणाला, "तुला जे करायचंय ते कर." फोन कट झाला. मी डाव्या हाताने धडपडत लोकेशन बंद केलं. मालकीण शेजारच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. भाषा न समजताही तिला भांडण समजलं असावं. तिने फोनमध्ये बोलून मला दाखवलं: माझी मुलगी मिलानला असते. दर रविवारी मला हॉटेल विकायला सांगते.

"आणि तुम्ही?" मी खुणेने विचारलं.

तिने हनुवटीखालून बोटं पुढे उडवली, गेलं उडत म्हणावं तशी. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

हॉटेलवर परतल्यावर तिने पुन्हा खालच्या खोलीची किल्ली पुढे केली. मी मानेनेच नाही म्हटलं. ती हसली आणि माझी पिशवी घेऊन वर गेली. एका हाताने वेणी घालता येईना, तेव्हा रोज नाश्त्याआधी ती वर येऊन माझे केस विंचरायची. तिचा पीळ इतका घट्ट असायचा की दुपारपर्यंत माझ्या भुवया ताणलेल्या राहायच्या. आई गेल्यापासून माझे केस कोणी विंचरले नव्हते. पहिल्या दिवशी मी खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे तिला माझे डोळे दिसू नयेत.

सायकल बंद झाली, म्हणून मी तटावरून पायी फिरायला लागले. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मालकिणीने अंगणातली सगळ्यात दणकट सायकल काढली, मागच्या कॅरियरवर उशी बांधली आणि त्यावर थोपटलं. मला आधी कळेचना. मग कळलं. डबलसीट. मी हडकुळी आहे, ती दांडगी, पण तरीही दोघींची वयं मिळून शंभरावर पंचवीस-तीस जास्तच झाली असती. मी म्हणाले, "डॉक्टर?" तिने परत हनुवटीखालून बोटं उडवली.

मी एका बाजूला पाय सोडून बसले, चांगल्या हाताने तिची कंबर धरली. सुरुवातीला सायकल डुलली, मग तटावर चढून सरळ चालायला लागली. ती गाणं म्हणत होती. दम लागला की थांबवायची, दम परत आला की सुरू करायची. एक पोलीस समोरून आला आणि काहीतरी ओरडला. तिने त्याला उलट काहीतरी सुनावलं. त्याने हात जोडल्यासारखं केलं आणि बाजूला झाला. कुत्र्याच्या टोपलीवाल्या बाईने आमचा फोटो काढून दिला. मी तो तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काहीही लिहिलं नाही.

वन्संनी काही कळवलं नाही. मुलाचा मेसेज बऱ्याच वेळाने आला: "हेल्मेट कुठे आहे?"

मुंबईच्या विमानतळावर तो स्वतः घ्यायला आला होता. प्लास्टर बघितलं, बॅग घेतली, गाडी काढली. घाट ओलांडेपर्यंत आम्ही हवेबद्दल आणि ट्रॅफिकबद्दल बोललो. मग रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी मी बसमधून उतरलो होतो."

"म्हणजे?"

"तुझा फोन आल्यावर ऑफिसची बस पकडली. बस हलतच नव्हती. मी उतरलो आणि पळत सुटलो. वाकडच्या पुलापर्यंत पळालो. मग रिक्षा मिळाली, तीही अडकली. तरी उशीरच झाला." त्याने गिअर बदलला. "तुझं लोकेशन दवाखान्यात दिसलं तेव्हा मी परत बसमध्येच होतो."

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी तो घामाने भिजून आला होता, एवढंच आठवत होतं. उन्हाने असेल असं मी धरून चालले होते. मी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तो तिथे राहू दिला. मग, हे आत्ता सांगितलं नाही तर पुढे जमणार नाही असं वाटलं, म्हणून सांगितलं.

"मी पुन्हा जाणार आहे. पुढच्या वर्षी. तिथल्या मालकिणीने वरचीच खोली ठेवते म्हणून सांगितलंय."

टोलनाक्याची रांग पुढे सरकली. "मला आवडणार नाही," तो म्हणाला.

"नको आवडू देऊस," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी फोन कर, म्हणजे झालं."

प्लास्टर निघेपर्यंत हिंजवडीला राहायला चल म्हणून त्याने बराच आग्रह केला. मी माझ्याच घरी राहिले. तो शनिवारी येतो, भाजी चिरून ठेवतो, मला हिंजवडीचे फायदे सांगतो. मी ऐकून घेते आणि नाही म्हणते. सातनंतर फोन वाजतो. कधी त्याचा, कधी इटलीतून मालकिणीचा, आमच्यातलं भाषांतर फोनच करतो. तिकडे तेव्हा दुपार असते. मालकीण अजून हॉटेल विकत नाहीये.